धोंडूभाऊंच्या नाकावरची कोंबडी

कांजूरमार्ग ईस्टला उतरलात की कुणालाही विचारा, चंदू घाडीचं फ्लेक्सचं दुकान कुठे आहे. भाजीवाली सांगेल, रिक्षावाला सांगेल, चौकीतला हवालदार तर स्वतः सोडायला येईल, कारण त्याच्या पोरीच्या बारशाचा बॅनर आपणच केलाय. पण आज माझ्याबद्दल लिहायचं नाही. माझ्याबद्दल लिहायला बसलो तर कागद पुरायचा नाही. आज माझ्या बहिणीबद्दल.

रुचिरा. सख्खी बहीण, माझ्याहून बरीच लहान. अंधेरीला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर, त्यांना चोवीस तास एसी लागतो, माणसांना नसला तरी चालतो. मी स्वतः नववीपर्यंत शिकलो. दहावीला बसलो होतो, पण माझं आणि पेपरांचं पटलं नाही. बाबांची गिरणी बंद पडलेली, घरात कुणीतरी कमवायला पाहिजे होतं, मी रंगाच्या डब्यात हात घातला आणि बोर्ड रंगवायला लागलो. मग तिला शिकवलं कुणी? मी. हे मी एकटाच म्हणतो असं नाही, आईपण म्हणते. मी दोनदा आठवण करून दिली की लगेच म्हणते.

लहानपणापासून त्या पोरीच्या तोंडात एकच शब्द. कशावरून? आज सुट्टी आहे, कशावरून? हा आंबा हापूस आहे, कशावरून? कणकवलीच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे देवळात कौल लावतात. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. बाबांना मुंबईची खोली विकून गावी यायचं होतं, म्हणून कौल लावला. उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले. ही तेव्हा सहावीत. म्हणते, "गुरवकाका, परत लावा."

"कित्याक गो?"

"परत उजवीच पडते का बघूया."

आईने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की बाहेरचा कुत्रा उठून गेला. पण गुरव दिलदार माणूस, हसला आणि परत लावला. डावी पडली! आता काय करणार? ही म्हणाली, "तिसऱ्यांदा लावा." बाबांनी तिला उचलून बाहेर नेलं. खोली काही विकली नाही, म्हणून आज मुंबईत डोक्यावर छप्पर आहे. ह्याचं क्रेडिट कोणी देवाला देतं, कोणी रुचिराला. मी दोघांना देतो, आणि थोडं मला, कारण तिला हाताला धरून देवळात मी नेलं होतं.

तर आता मुद्द्याचं.

दुकानात मोठा कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर बॅनर बनतात आणि तिथूनच छापायच्या मशीनला जातात. त्याच्यात पूर्वी चोरीची ऑपरेटिंग सिस्टीम होती, लाइनीत सगळ्यांकडे असते. रुचिरा म्हणाली, "दादा, चोरीची नको." तिने दुसरी बसवली. ती जगभरातले लोक मिळून बनवतात आणि फुकट देतात. मी म्हटलं, फुकट देतात म्हणजे काहीतरी खोट असणार. ती म्हणाली, "कशावरून?" मी गप्प बसलो. मोठ्या माणसाने कुठे गप्प बसायचं ते मला कळतं.

त्या कॉम्प्युटरवर बसायचा केतन. आमचा डिझायनर. मागच्याच चाळीत बायको आणि मुलीबरोबर राहतो. काय हात आहे त्याचा! टकल्याला केस देईल, मान नसलेल्याला मान देईल, नवरा-बायको भांडून वेगवेगळे फोटो घेऊन आले तर असे जोडेल की घरी जाताना एकाच रिक्षात बसतील. एकच खोड. त्याच्या फाइलींची नावं. 'फायनल', 'फायनल खरंच', 'फायनल आईशप्पथ'. पण त्याचापण काय दोष? फ्लेक्सच्या धंद्यात फायनल असं काही नसतंच.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. आपल्याकडे वाढदिवसाचा बॅनर म्हणजे मधे ज्याचा वाढदिवस तो, हात जोडून. वर मोठे नेते. आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांचे फोटो हाच खरा बॅनर. कोण पहिल्या ओळीत, कोण दुसऱ्या, कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं, ह्याच्यावर माणसं वर्ष वर्ष बोलत नाहीत. छापायची वेळ आली की एकेक जण दुकानात येतो. "केतन, आपला फोटो टाक रे." टाकला. सेव केला. दुसरा येतो, "ह्याचा टाकलास, माझा नाही?" परत टाकला, परत सेव. आमचं छापायचं मशीन 'फायनल' नावाचीच फाइल उचलतं. म्हणून केतन दर वेळेला नवी फाइल सेव करायचा आणि लगेच, हात पण न उचलता, तिला जुन्या 'फायनल'च्या जागी बसवायचा. एका बॅनरला असं पन्नास वेळा.

आमच्या भागात धोंडूभाऊ परब म्हणजे वजन. समाजसेवक, मंडळाचे अध्यक्ष, कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला. त्यांची साठी आली. वीस फुटी बॅनर आपल्याकडे. संध्याकाळपर्यंत शुभेच्छुकांची जत्रा चालली. शेवटी केतनने स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून मला आणि भाऊंच्या माणसाला पाठवला, त्याने 'ओके' कळवलं, कॉम्प्युटर बंद करून सगळे घरी. सकाळी मशीनवरून बॅनर गुंडाळतच बाहेर आला, भाऊंची पोरं तसाच उचलून घेऊन गेली आणि नाक्यावर ताणून बांधला.

मी चहा घेत होतो तेव्हा फोन आला. "चंदू, येऊन बघ."

बघितलं तर वाट लागली होती. हात जोडलेले धोंडूभाऊ. आणि बरोबर त्यांच्या नाकावरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पिवळी पट्टी. पट्टीवर कोंबडीचे दोन पाय. आणि पुढे ठळक अक्षरात, "साफ करून घरपोच मिळेल."

चिकनवाल्याचा बॅनर होता तो. आमचाच, मागच्या आठवड्यातला. काम झाल्यावर केतनने फाइल उडवूनपण टाकली होती.

लोक हसायचे थांबेनात. शाळेची पोरं हात जोडून कोंबडीचा आवाज काढायला लागली. धोंडूभाऊ आले, बघितलं, आणि टपरीसमोर सगळ्या नाक्यादेखत बोलले, "केतन विकला गेला. समोरच्या पार्टीने करून घेतलं हे. त्याचा मेहुणा बसतो ना त्यांच्या ऑफिसात?"

झालं. नाक्यावर भाऊ बोलले म्हणजे छापून आल्यासारखं. दुपारपर्यंत केतनला कोणी 'काय रे' म्हणेना. त्याच्या मुलीला चाळीतल्या पोरांनी कोंबडी नाव ठेवलं. संध्याकाळी तो दुकानात आला.

"चंदूदा, तुला पण वाटतं मी केलं?"

"मला नाही वाटत रे. पण भाऊंना वाटतं."

"मग काय करू?"

"थोडे दिवस घरी बस. थंड होऊ दे."

त्याने दुकानाची चावी टेबलावर ठेवली. "मी घरी बसलो ना चंदूदा, म्हणजे मीच केलं असं झालं," म्हणाला आणि गेला. विक्रोळी, भांडुप, सगळीकडे काम विचारून आला. फ्लेक्सवाले सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याने गिऱ्हाइकाच्या नाकावर कोंबडी छापली त्याला कोण घेणार?

रुचिरा ऑफिसातून आली, जेवता जेवता सगळं ऐकलं.

"कशावरून केतनने केलं?"

"दोन्ही बॅनर त्यानेच बनवलेले. मिसळले असतील."

"आणि त्याने पाठवलेला स्क्रीनचा फोटो?"

मी मोबाइल काढून दाखवला. भाऊंचं नाक स्वच्छ. कोंबडी नाही, काही नाही.

"हा फोटो शेवटच्या सेवनंतरचा ना? मग केतन उठला तेव्हा बॅनर बरोबर होता. रात्रीत दुकानात कोण होतं?"

"कोणी नाही. कुलूप."

"मग पट्टी रात्रीत आपोआप आली. दादा, सिस्टीम मी बसवलीय. दिवाळीनंतर अपडेट पण मीच केला. संशय घ्यायचा तर पहिला माझ्यावर घ्या. केतनला कशाला?"

आई पोळी वाढत होती. म्हणाली, "अगो, गावाक फोन कर. कौल लावून बघूया."

"आई, मी कौलच लावणार आहे. फक्त मशीनला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पोरगी दुकानात. पहिला आरोपी कोण, सांगा? मी! तिचा सख्खा मोठा भाऊ! "दादा, तू संध्याकाळी कॉम्प्युटर नीट बंद न करता मेन स्विच पाडतोस का?" मी म्हटलं, तीस वर्षं धंदा करतोय, मला शिकवू नकोस. तिने माझ्यासमोर मुद्दाम मेन स्विच पाडून पाडून बघितला. फाइली बऱ्या. मी सुटलो, बाइज्जत. मग कॉम्प्युटरची मेमरी तपासली, दिवसभर एक प्रोग्राम लावून. ठीक. डिस्क बदलली, वायर बदलली. उंदराने काही कुरतडलंय का तेपण टॉर्च मारून बघितलं. सगळे निर्दोष. अशी चौकशी कोर्टात होत नाही.

मग म्हणाली, आता बॅनर करून करून बघते. बसली. बॅनर बनवला, सेव केला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, बघितला. झकास. परत. झकास. दोन दिवस हेच, पट्टी येईचना. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत मागे टेकून पंख्याकडे बघत बसली. मी वडापाव आणून ठेवला, तर बघितलापण नाही.

तेवढ्यात काउंटरवर मालनताई आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. हळदीकुंकवाचा बॅनर हवा होता. "रुचिरा, माझा फोटो मोठा टाक गं. आणि त्या सेक्रेटरीचा लहान. आणि हो, माझ्या जाऊबाईंचा राहिलाच. थांब, आधी मला वर घे."

रुचिरा एकदम ताठ बसली. "दादा, मी चुकत होते. मी शांतपणे काम करतेय."

"मग? चांगलंच आहे ना?"

"केतन शांतपणे करतो का? त्याच्या डोक्यावर चाळीस माणसं उभी असतात. मशीन चालू असतं, चाळीस फोटो उघडे असतात, कॉम्प्युटरची मेमरी गच्च भरलेली. आणि तो धडाधड सेव करतो आणि धडाधड 'फायनल'च्या जागी बसवतो. मी तसं केलंच नाही. मला माणसं पाहिजेत."

"कसली माणसं?"

"शुभेच्छुक."

आता शुभेच्छुक गोळा करणं हे काम तिच्या ऑफिसातल्या कुणालाही जमलं नसतं. ते मीच केलं. रविवारी दुपारी सगळी गल्ली बोलावली. भजी सांगितली. ती स्वतः धोंडूभाऊंकडे गेली, एकटी. म्हणाली, "भाऊ, तुमचा संशय तुमच्यासमोर तपासूया. तुम्ही खुर्ची टाकून केतनच्या मागेच बसा. त्याच्या हातावर नजर ठेवा." भाऊ म्हणाले, "येतो. पण त्याने केलं असं निघालं तर?" ही म्हणाली, "तर मी नाक्यावर उभी राहून सांगेन." मग केतनच्या घरी गेली. तो यायलाच तयार नव्हता. त्याच्या मुलीने त्याचा चष्मा आणून दिला, तेव्हा उठला.

आदल्या दिवशी रुचिराने एक गंमत करून ठेवली होती. नवी कोरी डिस्क लावली आणि ती पूर्ण भरली रंगीत पट्ट्यांनी. हिरवी पट्टी, लाल पट्टी, प्रत्येकीवर आपापला नंबर. आणि मग सगळ्या उडवून टाकल्या. मी म्हटलं, "हे काय, रांगोळी काढून पुसली?" ती म्हणाली, "उडवलेली फाइल खरंतर लगेच पुसली जात नाही दादा. वरून दुसरं काही लिहीपर्यंत खाली तशीच असते." हे मला लगेच समजलं. आपणसुद्धा फ्रेमवर नवा फ्लेक्स लावतो तेव्हा खालचा जुना कुठे काढतो? त्याच्यावरच ताणतो. नवा फाटला की जुना दिसतो.

रविवारी जी गर्दी झाली, बघायला पाहिजे होती. मशीन खडखडतंय, रद्दी फ्लेक्सवर काहीतरी छापतंय. केतन खुर्चीवर, पाठ ताठ. मागे धोंडूभाऊ, डोळ्यात तेल घालून. आणि गल्ली सुरू झाली.

"केतन, माझा डावीकडे घे!"

"अरे हा काळा का दिसतोय? गोरा कर ना."

"भाऊंच्या बाजूला मला टाक, तिथे जागा आहे."

"ती जागा नाय, ते भाऊंचं पोट हाय."

आईपण मधे घुसली. "माझो फोटो टाक रे केतना. लग्नातलो नको, आधारवरचो पण नको. गणपतीतलो टाक."

दहा मिनिटं तो घाबरत घाबरत करत होता. मग धंदा अंगात आला. सेव, 'फायनल'. सेव, 'फायनल'. कोणीतरी म्हणालं, "केतन, माझी मान?" तो न बघता म्हणाला, "तुला नव्हतीच, दिलीय, सांभाळून वापर." सगळे हसले. केतनपण हसला. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

शेवटी रुचिरा म्हणाली, "बस. हात वर." केतनने हात वर केले. स्क्रीनवर बॅनर. भाऊंनी जवळ जाऊन नाक बघितलं, सगळ्यांचे चेहरे बघितले. "एकदम क्लीन," म्हणाले.

"सगळ्यांनी बघितलं ना? आता कोणी हात लावायचा नाही." तिने कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, आणि तीच फाइल उघडली.

आईच्या तोंडावरून हिरवी पट्टी. नंबरासकट.

"गे बाय माझे! माझ्या तोंडार ह्यो पट्टो कसलो?" आई ओरडली. आणि इकडे रुचिरा उड्या मारायला लागली. आईच्या तोंडावर पट्टी आली म्हणून मुलगी नाचतेय असं दृश्य मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

धोंडूभाऊ उभे राहिले. "हे कसं? मी डोळ्याची पापणी हलवली नाही."

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटर सेव करतो तेव्हा माल आधी मेमरीत ठेवतो, म्हणजे काउंटरवर. मग निवांत एकेक करून आतल्या गोडाउनात नेतो, म्हणजे डिस्कवर. लगेच बघायला मागितलं तर काउंटरवरचाच दाखवतो, म्हणून स्क्रीनवर सगळं बरोबर. हे ने-आण करणारा सिस्टीमच्या पोटात असतो, त्याला कर्नेल म्हणतात. नव्या अपडेटमध्ये त्या कर्नेललाच एक खोड लागली होती. काउंटर गच्च भरलेला असताना कोणी नवी फाइल जुनीच्या जागी बसवायला सांगितलं, की गडबडीत तो एखादा गठ्ठा आत न्यायचाच विसरायचा, आणि वर शिक्का मारायचा, पोचला. रात्री कॉम्प्युटर बंद झाला की काउंटर रिकामा. सकाळी गोडाउन उघडलं तर त्या जागेवर जुनाच माल. त्या दिवशी कोंबडी होती, आज हिरवी पट्टी.

"केतनकडे ही हिरवी पट्टी कधी उघडलेलीच नव्हती," रुचिरा म्हणाली. "मिसळणार कुठून?"

भाऊंनी पट्टीवरचा नंबर परत वाचला. मग म्हणाले, "पण कशावरून? योगायोग असेल. एकदा झालं."

मी बघितलं, पोरीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला तिचाच प्रश्न विचारला होता.

"बरोबर बोललात भाऊ! परत करूया. ह्या वेळी दिवाळीच्या आधीचा जुना कर्नेल लावून. बाकी सगळं तेच. माणसं तीच, फोटो तेच."

परत सगळी गल्ली. परत भजी. जुन्या कर्नेलवर पट्टी आली नाही. परत केलं, नाही आली. नवा लावला, आली. मालनताईंच्या कपाळावर. मालनताई म्हणाल्या, "माझ्यावर लाल आली, लाल शुभ असते." पाचव्या वेळेला तर भाऊ स्वतः ओरडत होते, "ए, लांब का उभा, शुभेच्छुक आहेस ना, मग धक्काबुक्की कर! केतनला त्रास द्या रे, नाहीतर पट्टी यायची नाही!" उन्हं उतरेपर्यंत चाललं. भाऊंना सगळं पटलं.

पण पटलं म्हणून झालं का? ते चप्पल घालत होते, रुचिरा समोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही नाक्यावर बोलला होतात."

"हो. मग?"

"मग नाक्यावरच परत घ्यायला पाहिजे."

माझ्या हातातलं भजं हातातच. भाऊंना असं कोणी बोलत नाही. मी तर तेवीस वर्षं ओळखतो, मी पण नाही बोललो. भाऊ म्हणाले, "रुचिरा, बाळा, तिथे मी काय सांगू? कर्नेल, काउंटर, गोडाउन? लोक आणखी हसतील. काहीतरी लेखी असू दे हातात. बाहेरच्या मोठ्या माणसाचं."

"आणते," ती म्हणाली.

कर्नेलचा तो भाग सांभाळणारा एक माणूस आहे, लांब थंडीच्या देशात. तिने त्याला सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, आमच्याकडे असं होत नाही. मी म्हटलं, बघ, सगळे अधिकारी सारखेच. ती चिडली नाही. म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. त्याच्याकडे केतन कुठेय?" मग तिने केतनला शेजारी बसवलं, तो किती वेगाने काय काय करतो ते मोजलं, आणि हुबेहूब त्याच्यासारखा वागणारा एक प्रोग्राम लिहिला. गर्दीसकट. प्रोग्रामचं नाव ठेवलं 'केतन'. तो पाठवला. त्या माणसाने चालवला आणि त्याच्याकडेपण फाइल फाटली. मग तो भला माणूस कामालाच लागला. नेमकी कुठली ओळ चुकली ते त्याने शोधलं. मधे एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे एकच फाइल एका संध्याकाळी इतक्या वेळा का बदलतात? रुचिराने त्याला शुभेच्छुक समजावून सांगितले. त्याने उलट लिहिलं की माझ्या चाळिशीला माझा असा बॅनर मिळेल का. मी म्हटलं, सांग त्याला, होम डिलिव्हरी नाही.

दुरुस्ती झाली. ती सगळ्या जगाला जाते, आणि तिच्याखाली कायमचं लिहिलेलं राहतं, चूक कोणी दाखवली. तिथे रुचिराचं नाव यायचं. माझी छाती तयार होती फुगायला. ती म्हणाली, "पट्टी पहिल्यांदा कोणाच्या हातून आली? त्याचंच नाव आधी." तिथे दोन नावं आहेत. वर केतन म्हात्रे, खाली रुचिरा घाडी. खालच्या नावाचा भाऊ मी आहे, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तिथे तेवढी जागा नव्हती.

धोंडूभाऊंना तिने ते माझ्या मोबाइलवर दाखवलं. भाऊंनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं. "ह्याच्यात माझं नाव कुठेय? नाक माझं होतं ना?"

"भाऊ."

"बरं बरं. चल."

संध्याकाळची वेळ, टपरीवर गर्दी. केतन बाजूला उभा, कटिंग हातात, कपाकडे बघत. भाऊ मधे आले आणि सभेत बोलतात तसा आवाज लावला. "ऐका रे! मागे मी इथे एक बोललो होतो. केतनबद्दल. ते चुकीचं होतं. चूक त्या कॉम्प्युटरच्या पोटात होती. अख्ख्या जगातल्या कॉम्प्युटरांच्या पोटात होती, आणि ती पकडली कोणी? आपल्या केतनने आणि आपल्या रुचिराने. परदेशातून नाव आलंय. हे बघा." मोबाइल उंच धरला. लांबून कोणाला काय दिसणार, पण सगळ्यांनी माना हलवल्या. मग ते केतनकडे वळले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मी बोललो ते परत घेतो रे."

केतनने कप खाली ठेवला. मोबाइल हातात घेतला, आपलं नाव दोन बोटांनी मोठं करून बघितलं. मग मुलीला हाक मारली. ती पलीकडे पोरांत खेळत होती. "इकडे ये. वाच बघू काय लिहिलंय." पोरीने मोठ्याने वाचलं, अडखळत, म्हात्रेपर्यंत. बाजूची पोरं खेळायची थांबून ऐकत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "तुझ्या पप्पांना बक्षीस मिळालं काय?" ती म्हणाली, "मग!"

रुचिरा तिथे नव्हतीच. निघता निघता तिला ऑफिसचा फोन आला होता, ती दुकानात बसून कुणालातरी विचारत होती, कशावरून म्हणता की सर्व्हरच बंद आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर केतन बाहेर उभा. मी चावी पुढे केली. त्याने घेतली, आत गेला आणि इकडे तिकडे बघायला लागला.

"चंदूदा, माझी खुर्ची कुठेय?"

ती मी मंडळाला दिली होती, मीटिंगसाठी, आणि मंडळाला दिलेली खुर्ची परत येत नाही. मी माझी दिली. चाकंवाली, हात असलेली, गादीची. हल्ली मी स्टुलावर बसतो. गिऱ्हाईक आलं की आधी खुर्चीवाल्याला नमस्कार करतं. मी करू देतो.